मुंबई आंदण दिली १६६१ साली, ताबा मिळाला १६६५ साली. मधली वर्षं कुठे गेली?

रानजाई:
नमस्कार मंडळी. माझी भाची सातवीत आहे. परवा तिचा अभ्यास घेत होते. वहीत एक वाक्य होतं, ‘पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण मिळाली.’ वाक्य घडाघडा म्हणून झालं आणि बाईसाहेबांनी विचारलं, "मावशी, आंदण लग्नातच देतात ना? मग इंग्रज लगेच का नाही आले?"

मला उत्तर येईना. रात्री बसून तारखा काढल्या. तह झाला २३ जून १६६१ ला. दुसरा चार्ल्स आणि कातारिना यांचं लग्न मे १६६२ मध्ये. मुंबईचा ताबा मात्र फेब्रुवारी १६६५ मध्ये. म्हणजे कबूल केल्यापासून साडेतीन वर्षांच्या वर गेली! एवढा काळ अडवलं कोणी? कशासाठी? आणि ताबा घ्यायला जी माणसं विलायतेहून निघाली ती तोपर्यंत राहिली कुठे?

मी स्वतः परळमध्ये वाढले, तरी मला यातलं काही माहीत नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. जाणकारांनी सांगावं. भाचीला खरं उत्तर द्यायचंय.

चिंचोका:
सोपं आहे ताई. सासऱ्याने सामान कबूल केलं, टेम्पो दारात येऊन उभा राहिला आणि घरातला मोठा भाऊ किल्लीच देईना. आमच्या गावात अशी तीन लग्नं बघितलीत मी.

बखरवाचक:
चिंचोका, हसण्यावारी नेलंत पण झालं जवळजवळ तसंच. मोठा भाऊ म्हणजे गोव्याचा विजरई (पोर्तुगीज राजाचा इथला प्रतिनिधी), आंतोनियु द मेलु द कास्त्रु.

आधी हे दान का दिलं ते बघू. पोर्तुगाल १६४० मध्ये स्पेनच्या जोखडातून सुटला, पण स्पेनशी लढाई चालूच होती. ती थेट १६६८ पर्यंत चालली. इकडे आशियात डच त्यांचं एकेक ठाणं गिळत होते. मलाक्का १६४१ ला गेलं, कोलंबो १६५६ ला. लिस्बनला एक दांडगा मित्र हवा होता. इंग्लंडचं आरमार मोठं आणि राजा कर्जात. मग सौदा ठरला. राजकन्या, वीस लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेतलं तांजिअर आणि इकडचं मुंबई बेट. बदल्यात इंग्लंडने पोर्तुगालला मदत करायची. तहाला एक गुप्त कलमही होतं. इंग्रजांनी हिंदुस्थानातली पोर्तुगीज ठाणी डचांपासून राखायची.

म्हणजे मुंबई दिली ती लेकीच्या मायेने नव्हे, डचांच्या धाकाने.

आता अडवणूक. मार्लबरोचा अर्ल पाच जहाजं घेऊन आला, बरोबर मुंबईचा ताबा घ्यायला नेमलेला सर अब्राहम शिपमन आणि साधारण चारशे ते पाचशे शिपाई. याच ताफ्यातून नवा विजरई आंतोनियु द मेलुसुद्धा हिंदुस्थानात येत होता. सप्टेंबर १६६२ मध्ये ताफा मुंबईला लागला. इंग्रज म्हणाले बेट द्या. पोर्तुगीज म्हणाले, तुमच्याकडचे कागद नीट नाहीत, आमच्या राजाचा थेट हुकूम आणा. शिवाय इंग्रजांना वाटत होतं मुंबई म्हणजे साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट), ठाणे सगळं. पोर्तुगीज म्हणाले, मुंबई म्हणजे फक्त मुंबईचं बेट, माहीमसुद्धा नाही.

लंडनला बातमी पोचली तेव्हा सॅम्युअल पीप्सने मे १६६३ च्या रोजनिशीत टिपलं की मुंबईच्या बाबतीत पोर्तुगीजांनी आपल्याला चक्क गंडवलं. दरबारातली भावना तशीच असणार.

रानजाई:
बापरे, विजरई आणि शिपमन एकाच ताफ्यातून आले? आणि आल्यावर एकाने दुसऱ्याला दार बंद केलं?

बखरवाचक:
हो. वाटेत त्या विजरईचं इंग्रज कप्तानाशी बिनसलंही होतं. पण मला ते मूळ कारण वाटत नाही. या मुलखातल्या पोर्तुगीज जमीनदारांना आणि पाद्र्यांना आपली शेतंवाड्या जातील अशी धास्ती होती. त्यांचा दाब विजरईवर होता.

पेणचा_पाहुणा:
मग ते पाचशे शिपाई परत गेले का?

बखरवाचक:
नाही. अर्ल जहाजं घेऊन परत गेला. (पुढे १६६५ च्या जून महिन्यात लोव्स्टॉफ्टच्या लढाईत तो डचांच्या तोफेने मेला.) शिपमन आणि शिपाई इथेच. आधी सुरतेला उतरायचा विचार होता. पण तिथला इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन घाबरला. एवढी फौज उतरवली तर मोगल सुभेदार वखारीलाच टाळं लावील, अशी त्याला भीती. शेवटी ही माणसं अंजदीव बेटावर जाऊन राहिली.

काळीनदी:
अंजदीवचं नाव वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहिते. मी कारवारची. आमच्या लहानपणी बैतखोलच्या बाजूने उभं राहिलं की समोर हे बेट दिसायचं. हिरवं, लांबट, आणि एका अंगाला पांढरं चर्च. ब्रोतासच्या सायबिणीचं. वर्षातून एकदा तिच्या फेस्ताला गोव्याहून होड्या यायच्या, त्याची गोष्ट आई सांगायची. आता तो सगळा भाग नौदलाच्या तळात आहे. बेट मात्र आजही गोव्याच्या हद्दीत मोडतं, कारवारच्या तोंडासमोर असून.

बेट केवढंसं? लांबी मैलभर. वास्को द गामा १४९८ मध्ये तिथे थांबला होता, पाणी आणि डागडुजीसाठी. १५०५ मध्ये अल्मैदाने किल्ला बांधला आणि थोड्याच काळात सोडून दिला. चार दिवस गलबत लावायला जागा चांगली. पण पावसाळा काढायला? आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही. भिंतीला हात लावला तर ओला होतो, धुतलेला कपडा आठ-आठ दिवस दमट राहतो, तांदळाला बुरशी येते. समुद्र एवढा खवळलेला असतो की मचवा बेटावरून किनाऱ्याला यायची सोय नाही. त्या माणसांनी असे दोन पावसाळे काढले. पक्कं छप्पर नाही, ताजं अन्न नाही, हिवतापावर औषध नाही.

शिपमन तिथेच एप्रिल १६६४ मध्ये वारला. आणि चार-पाचशे माणसांतली शेवटी मुंबईला पोचली ती शंभराच्या जरा वर. बाकीची कुठे गेली ते त्या बेटाच्या मातीला ठाऊक. परकी असली, राज्य करायला आलेली असली, तरी पंचविशीतली पोरं होती हो ती. घरून राजाच्या नोकरीला म्हणून निघाली आणि आमच्या समोरच्या बेटावर तापाने मेली. मी ते बेट पाहिलं की मला आता तेच आठवतं.

चिंचोका:
काळीनदी ताई, मी वरती थट्टा केली ती जरा जपून करायला हवी होती. हे माहीत नव्हतं. फार छान लिहिलंत.

शब्दवेल्हाळ:
मला शब्दावर बोलायचंय. आपण ‘आंदण’ म्हणतो. पण आंदण म्हणजे आईबाप खुशीने लेकीला देतात ते. भांडी, गाय, एखादी मोलकरीण. ते मुलीचं असतं. हुंडा ठरवून, घासाघीस करून घेतात आणि तो मुलीच्या हाती लागत नाही. बखरवाचकांनी सांगितलेला तह वाचला तर हा शंभर टक्के हुंडा आहे. कलमं पाडून, रोख रक्कम ठरवून, बदल्यात फौज घेऊन. कातारिनाने मुंबई डोळ्यांनी पाहिलीही नाही. ‘आंदण’ शब्द इतका मायेचा आहे की त्याने सगळा व्यवहार झाकून जातो.

पेणचा_पाहुणा:
शब्दवेल्हाळ, पटलं. पण दीडशे वर्षं पुस्तकात रुजलेला शब्द आता कोण बदलणार?

शब्दवेल्हाळ:
रानजाईंची भाची. तिने प्रश्न विचारलाय ना!

आगाशीकर:
थोडी दुसरी बाजू मांडतो. मी वसईकडचा ख्रिश्चन, घरात आमची मराठी. इथे सगळे पोर्तुगीजांना लबाड ठरवून मोकळे होताहेत, ते मला मान्य नाही. विजरईने राजाला जे लिहिलं त्याचा मतितार्थ असा, की इंग्रज ज्या दिवशी मुंबईत बसतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला म्हणून समजा. तो माणूस अडमुठा नव्हता, त्याला दिसत होतं. लिस्बनला बसलेल्यांना हे बंदर काय आहे ते कळलं नव्हतं. इथल्या माणसाला कळलं होतं.

आणि इंग्रजांनी गुप्त कलम पाळलं का? हे सगळं अडलेलं असतानाच जानेवारी १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली. इंग्रज मदतीला आले नाहीत. मग गोव्यातल्या माणसाने का म्हणून बंदर हातात द्यावं?

बखरवाचक:
आगाशीकर, कोचीबद्दल सहमत. पण इंग्रजांची बाजू अशी की तुम्ही बेटच दिलं नाहीत, मग आम्ही कुठल्या बंदरातून मदत पाठवू? दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि मधल्या मधे डचांचं फावलं.

आगाशीकर:
तेही खरं. माझा मुद्दा एवढाच की हट्टामागे कारण होतं.

जाता जाता आमच्या समाजाच्या नावाची गोष्ट. उत्तर कोकणातल्या आम्हा मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांना ‘ईस्ट इंडियन’ म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं बंगालकडचे. मुंबईत गोव्याहून आलेले ख्रिश्चन वेगळे आणि आम्ही इथलेच, कंपनीच्या मुलखातले, हे दाखवायला १८८७ च्या सुमारास हे नाव रीतसर घेतलं. पोर्तुगीजांनी दिलेला धर्म, इंग्रज कंपनीचं नाव आणि तोंडात आगरी-कोळ्यांसारखी मराठी. माझी आजी लुगडं नेसून मिस्साला जायची. ही सगळी भांडणं आमच्या एका घरात राहतात.

रानजाई:
आगाशीकर, हे फारच सुंदर. लुगडं नेसून मिस्साला... डोळ्यांसमोर उभं राहिलं.

नाखवा:
मी माहीमचा कोळी. बखरवाचक काकांनी वर लिहिलं की पोर्तुगीज म्हणत होते माहीम मुंबईत नाही. यावर आमच्यात ऐकलेलं आणि पुढे वाचलेलं सांगतो.

शिपमन गेल्यावर त्याचा चिटणीस हम्फ्रे कुक पुढे आला. त्याने गोव्याला करार केला आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबई घेतली. ताबा दिला-घेतला तो दोना इनेस द मिरांदा या बाईच्या वाड्यात, कारण बेट तिच्याकडे होतं. करारात माहीम नव्हतं. पण कुकने लगेच माहीमही दाबलं. कारण काय दिलं? ओहोटीला एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पायी जाता येतं, म्हणजे बेट एकच!

आता ज्याने पाण्यात आयुष्य काढलंय त्याला विचारा. उधाणाची ओहोटी असली की पाणी लांबवर आत जातं, चिखल उघडा पडतो, बाया निवट्या आणि खुबे वेचायला जातात. सहा तासांनी त्याच जागी गळ्याइतकं पाणी. भांगाच्या दिवसांत तर ना धड भरती ना धड ओहोटी. मग बेट एक की दोन? ते तिथीवर आणि वेळेवर आहे. कुकने आपल्याला सोयीची वेळ धरली, पोर्तुगीजांनी त्यांच्या सोयीची. विजरईने तक्रारीत म्हटलं होतं की हा न्याय लावला तर सगळा उत्तरेकडचा मुलूख जाईल. खरंच आहे, चिखल तुडवत कुठपर्यंतही जाता येतं.

पेणचा_पाहुणा:
नाखवा भाऊ, साष्टांग नमस्कार. इतिहासाच्या पुस्तकात भरती-ओहोटीचं कोष्टक लावायला हवं.

ताडमाड:
करारातलं अजून एक कलम कोणी सांगितलं नाही, मी सांगतो, कारण ते आमच्यावर आहे. मी भंडारी. कुकच्या करारात असं होतं की पोर्तुगीज गावांतले कुळंबी, भंडारी आणि इतर लोक मुंबईत येऊन राहिले तर इंग्रजांनी त्यांना ठेवून घ्यायचं नाही, परत करायचं. म्हणजे माड ज्याचा, माडावर चढणाराही त्याचाच. दोन राजांच्या तहात आमची पणजोबांची पिढी जमिनीबरोबर मोजलेली होती.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून राहिलो. एवढ्या मोठ्या तहात आमचं नाव आलं, आणि आलं ते पळून गेल्यास परत द्यायची चीज म्हणून.

सुदैवाने इंग्लंडच्या राजानेच कुकचा करार अमान्य केला, त्याला काढला आणि १६६६ मध्ये जर्व्हेस लुकसला पाठवलं. आणि पुढे सात वर्षांनी, १६७३ मध्ये, रायक्लोफ फान गून्स डच आरमार घेऊन मुंबईवर चालून आला तेव्हा गव्हर्नर जेराल्ड आँजिअरने बेट राखायला जी माणसं उभी केली त्यांत सोटे घेतलेले भंडारी होते. डच तोफा बघून गेले, हल्ला केला नाही. ज्यांना परत द्यायचं ठरलं होतं त्यांनीच किनारा धरला.

आगाशीकर:
ताडमाड, हे कलम मला माहीत नव्हतं. वसईकडच्या कागदात मी नेहमी साहेबांचं भांडणच बघत आलो. आभार.

पवनचक्की:
मी गेली अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, हॉर्नच्या जवळ. डचांचं नाव इतक्यांदा आलं म्हणून लिहितो. अगदी मुंबईसारखीच गोष्ट तिकडे जायफळाच्या बेटांवर घडत होती, तीही त्याच वर्षांत.

आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांमध्ये रन नावाचं एक चिमुकलं बेट आहे. तेव्हा जायफळ जगात फक्त बांदामध्ये पिकायचं. १६१६ मध्ये नॅथॅनिएल कोर्टहोप हा इंग्रज तिथे गेला, रहिवाशांनी इंग्लंडच्या राजाची सत्ता कबूल केली. डचांनी वेढा घातला, कोर्टहोप १६२० मध्ये मारला गेला. पुढच्या वर्षी यान पीटरझोन कून याने बांदाच मोडून काढलं. साधारण पंधरा हजारांच्या वस्तीतले बहुतेक मारले गेले, उपाशी मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) नेले. चव्वेचाळीस म्होरक्यांची डोकी भाडोत्री जपानी लढवय्यांकडून उडवली. मग बागांचे तुकडे पाडून डच मळेवाल्यांना वाटले आणि गुलाम आणून कामाला लावले.

१६५४ च्या तहात डचांनी रन इंग्रजांना परत द्यायचं कबूल केलं. दिलं कधी? १६६५ मध्ये! जायफळाची झाडं तोडून. आणि त्याच वर्षी पुन्हा हिसकावलं. म्हणजे ज्या वर्षी मुंबई कशीबशी मिळाली, त्याच वर्षी रन मिळालं आणि गेलंही. कागदावर दिलेलं बेट हातात पडेपर्यंत खरं नाही, हा त्या काळाचा शिरस्ताच होता.

हॉर्नच्या मुख्य चौकात कूनचा पुतळा आहे, ब्राँझचा, कमरेवर हात ठेवून उभा. आता खाली पाटी आहे, तिच्यावर त्याच्या क्रूरपणाबद्दलही लिहिलंय. माझी मुलगी चौथीत असताना शाळेची सहल तिथे गेली. घरी येऊन म्हणाली, "बाबा, एवढं वाईट केलं तर वर का उभा आहे?" रानजाई, तुमच्या भाचीसारखीच.

चिंचोका:
म्हणजे रन देऊन मॅनहॅटन घेतलं तो हाच किस्सा ना?

पवनचक्की:
तो किस्सा लोक फार गोड करून सांगतात. एक बेट दे, दुसरं घे, असा समोरासमोर सौदा झाला नाही. इंग्रजांनी मॅनहॅटनवरचं न्यू ॲमस्टरडॅम (आजचं न्यूयॉर्क) १६६४ मध्येच घेतलं होतं, तेही फारशी लढाई न होता. गव्हर्नर पीटर स्टाइव्हसंट लढायला तयार होता, गावकरी नव्हते. १६६७ मध्ये ब्रेडाच्या तहात ठरलं की ज्याच्या हातात जे आहे ते त्याचं. रन डचांकडे राहिलं, सुरिनामही डचांकडे, मॅनहॅटन इंग्रजांकडे. त्या वेळी डचांना आपण जिंकलो असंच वाटलं, कारण साखर आणि जायफळ दोन्ही त्यांच्याकडे. १६७३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क परत घेतलं होतं सुद्धा, आणि वर्षभरात तहात सोडून दिलं.

ताडमाड:
१६७३! म्हणजे फान गून्स मुंबईसमोर उभा होता त्याच वर्षी?

पवनचक्की:
तेच वर्ष, तेच युद्ध. मुंबई वाचली, न्यूयॉर्क पडलं आणि मग परत मिळालं. मलाही हे आत्ता, तुमचं वाचून एकत्र दिसलं.

बखरवाचक:
इथे एक जोड देतो, नाहीतर वाटेल की इंग्रज-डच कायम वैरीच होते. १६१९ मध्ये त्यांच्यात मैत्रीचा तह झाला. १६२३ मध्ये आंबोयना बेटावर (तेही आजच्या इंडोनेशियात) डचांनी दहा इंग्रजांची मुंडकी उडवली. तरीही १६२६ च्या ऑक्टोबरात दोघांच्या आरमाराने मिळून एका पोर्तुगीज ठाण्यावर हल्ला केला, लुटालूट केली, मोठा वाडा जाळला. ते ठाणं म्हणजे आपली मुंबई. ज्या वाड्यात पुढे ताबा दिला तीच जागा.

रानजाई:
काय सांगता! म्हणजे आधी येऊन जाळलं, मग छत्तीस वर्षांनी तहाचा कागद घेऊन मागायला आले?

बखरवाचक:
हो. आणि मधे १६३५ ला गोव्यात पोर्तुगीजांशी तहही केला.

टाऊनहॉल:
त्या वाड्याचं राहिलेलं एकदा बघायला मिळालंय मला, एका वारसाफेरीत. टाउन हॉलच्या मागे, नौदलाच्या आंग्रे तळाच्या आत. एरवी आत सोडत नाहीत. जुनी कमान आहे, दोन्ही बाजूंना दोन पोर्तुगीज शिपाई कोरलेत. खाऱ्या वाऱ्याने चेहरे झिजलेत, पण झगा आणि पाय कळतात. इंग्रजांनी आपल्या किल्ल्याच्या दारावरचे पोर्तुगीज शिपाई तसेच ठेवले आणि आज तिथे पहारा कान्होजी आंग्र्यांच्या नावाने चालतो. मी त्या कमानीखाली उभा राहिलो तेव्हा अंगावर काटा आला होता.

तापीकाठ:
सुरतेहून नमस्कार. आमच्या चार पिढ्या इथे, तरी घरात मराठीच. इंग्रजांचं पाऊल मुळात इथे पडलं म्हणून दोन गोष्टी सांगते.

१६१२ च्या नोव्हेंबरात सुवाळीच्या समुद्रात टॉमस बेस्टच्या ‘रेड ड्रॅगन’ने पोर्तुगीज गलबतांना हरवलं. पोर्तुगीजांची जहाजं मोठी, इंग्रजांची हलकी, आणि सुवाळीला वाळूचे दांडे. मोठी जहाजं रुतली. तोवर मोगलांना वाटायचं समुद्र म्हणजे पोर्तुगीज. ती लढाई बघून त्यांना दुसरा गिऱ्हाईक दिसला. आज सुवाळीला लोक रविवारी मक्याची कणसं खायला जातात, कोणाला काही ठाऊक नसतं.

दुसरी गोष्ट कबरींची. कतारगाम दरवाजाजवळ इंग्रजांचं कबरस्तान आहे, त्यात ऑक्झेंडन बंधूंची दुमजली, घुमटाची कबर. हाच तो जॉर्ज ऑक्झेंडन, ज्याने शिपमनला उतरू दिलं नाही. १६६९ मध्ये इथेच वारला. जवळच डचांचं कबरस्तान, तिथे फान रेड या डच अधिकाऱ्याचा मोठा घुमट. डचांनी तो इंग्रजांपेक्षा उंच दिसावा म्हणून बांधला असं इथे सगळे सांगतात. मेल्यावरही चढाओढ.

आणि बघा, जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा हाच ऑक्झेंडन वखारीची दारं लावून आत बसला होता. त्याच दिवसांत शिपमनचे शिपाई अंजदीववर कुजत होते. त्याला ती माणसं तेव्हा आठवली असतील का, असं मला राहून राहून वाटतं.

काळीनदी:
तापीकाठ, हा विचार माझ्या मनात कधीच आला नव्हता. एक माणूस घुमटाखाली, दुसरा कुठे पुरलाय त्याचा पत्ता नाही.

पेणचा_पाहुणा:
मंडळी, जायफळ, न्यूयॉर्क, सुरत सगळं फिरून झालं. मुंबई मिळाल्यावर राजाने तिचं केलं काय? एवढी माणसं मारून मिळवलेली वस्तू.

बखरवाचक:
भाड्याने दिली. राजाला बेट परवडेना. उत्पन्न कमी, खर्च जास्त, आणि पोर्तुगीज ठाणे आणि कारंजाच्या नाक्यांवर खाडीतून वर जाणाऱ्या मालावर जकात लावून गळा आवळत होते. शेवटी २७ मार्च १६६८ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड सोन्याच्या भाड्याने देऊन टाकली. सप्टेंबरात कंपनीने ताबा घेतला. साष्टीसाठी इंग्रज तरफडत राहिले, ती मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतली, वसई पडली १७३९ ला. इंग्रजांच्या हाती साष्टी आली ती १७७४ च्या शेवटी, मराठ्यांकडून.

आगाशीकर:
म्हणजे तहात आहे-नाही म्हणून जिच्यावर भांडले ती साष्टी मिळायला एकशेदहा वर्षांच्या वर लागली.

रानजाई:
मंडळी, काल रात्री हा सगळा धागा भाचीला वाचून दाखवला. अंजदीवला ती गप्प झाली. ओहोटीचं ऐकून खूप हसली. ताडमाड, तुमचा प्रतिसाद तिने पुन्हा वाचायला लावला.

मग वहीत तिने त्या वाक्याखाली पेन्सिलीने आणखी चार वाक्यं लिहिली. जशीच्या तशी देते. ‘मुंबई आंदण नव्हे, ठरवून दिली. द्यायचं डचांच्या भीतीने ठरलं. गोव्याच्या विजरईने अडीच वर्षं दिली नाही, कारण त्याला पुढचं दिसत होतं. तोपर्यंत इंग्रज शिपाई अंजदीव बेटावर राहिले आणि बरेच मेले.’ परीक्षेत एवढं लिहायला जागा नाही म्हणते, तरी लिहिणार आहे.

तिचा नवा प्रश्न आहे, नाखवा भाऊंना. मुंबई आणि माहीमच्या मधलं ते पाणी आता कुठे आहे? तिला ते पायी ओलांडून बघायचंय.

नाखवा:
पोरीला सांगा, ती रोज ओलांडते. वरळीची खिंड, म्हणजे समुद्राचं पाणी आत यायची वाट, बांध घालून बंद केल्यावर मधला सगळा सखल भाग भरत गेला. तुम्ही परळच्या ना? तुमच्या दादर-परळच्या बाजूचे सखल रस्ते त्यातलेच. जुलैत उधाणाची भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की पाणी जुन्या जागी येऊन उभं राहतं. त्या दिवशी घरातच राहा.

पण खरा चिखल बघायचा असेल तर अमावास्येनंतर दोन दिवसांनी माहीमच्या रेतीबंदरावर या. ओहोटीची वेळ आदल्या रात्री इथेच लिहीन. जुने कपडे घाला आणि चपला हातात घ्यायची तयारी ठेवा.